जाळीखालचा कापूस

३ फेब्रुवारी

वहिनीबाई,

पत्र बघून दचकू नका. फोनवर आधी तुमचा आवाज चढतो, मग माझा चढतो, आणि मग दादा शांतपणे फोन ठेवून देतो. कागदाला ती सोय नाही, म्हणून लिहिते आहे.

घराला नवा रंग दिल्याचा फोटो दादाने पाठवला. रंग छान आहे. भिंतीसमोर आईला उभं केलंय, बहुधा भिंतीची उंची कळावी म्हणून. मला आधी ती ओळखूच आली नाही. स्वेटर खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबतोय, गाल बसलेत, आणि मनगट तर माझ्या अंगठ्याएवढं दिसतंय. सरळच विचारते: तुमच्या घरी माझ्या आईला पोटभर जेवायला मिळतं का?

तुम्ही एवढ्या मोठ्या फिजिओथेरपिस्ट. दिवसभर परक्यांचे गुडघे वाकवता, परक्यांना चालतं करता. घरच्या म्हातारीचा नंबर बहुतेक रांगेत शेवटचा लागत असेल. नाहीतरी तिची तक्रार करायला येणार कोण? तुमचा नवरा? म्हणजे उंदराला मांजर साक्ष.

माझं काय चाललंय ते तुम्ही विचारणार नाही, म्हणून मीच सांगते. म्हाताऱ्या उंदरांच्या खाण्यावर आम्ही केलेलं काम गाजतंय. गेल्या सप्टेंबरात रेडिओवर माझी सात मिनिटांची मुलाखत झाली. विभागप्रमुखांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. आपल्या घरात ती कुणी ऐकली असेल असं वाटत नाही. दादा पेपरमध्ये डोकं घालून बसला असेल, आणि तुम्हाला माझा आवाज फुकट मिळाला तरी नको असतो.

उत्तर लवकर हवं. आईच्या वजनासकट.

तुमची नणंद (नाइलाज आहे)


१३ फेब्रुवारी

वन्सं,

उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर तुम्हीच. तीन वर्षांत दोनदा आलात, आणि दोन्ही वेळा तुमची बॅग दारातच उभी होती, तुमच्यासारखीच निघायच्या तयारीत. आता एका फोटोवरून तुम्हाला आमच्या स्वयंपाकघराची सगळी हकीगत कळली. धन्य आहे.

तर ऐका. सकाळी समोर ठेवलेलं अंडं परत येतं. पाव परत येतो. दुपारचं सूप गार होऊन परत येतं. आई म्हणतात, "ऊन उतरू दे." खिडकीबाहेर पार काळोख झाला की मग ताट पुढे ओढतात, आणि त्यातलाही तिसरा हिस्सा तुमच्या बंधूंच्या ताटात सरकवतात. बंधू निमूट खातात. त्यांचं पोट बघायचं असेल तर पुढच्या फोटोत भिंतीसमोर त्यांनाच उभं करते. भिंत दिसायची नाही, एवढंच.

का म्हणून विचारलं की ठरलेलं उत्तर: "जाणत्या माणसानं सांगितलंय. तुला त्यातलं कळायचं नाही." हा जाणता माणूस कोण, ते मात्र सांगत नाहीत. माझा संशय तळमजल्यावरच्या बाईंवर आहे. त्या दर महिन्याला काहीतरी सोडतात. मागच्या महिन्यात मीठ सोडलं, त्याच्या आधी नवरा.

मी ओरडले, रडले, रुसले. तुमच्या मातोश्रींपुढे माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी उकडलेल्या बटाट्यात अंडं कुस्करून लपवलं, तर त्यांनी ते चमच्याने वेगळं काढून माझ्यासमोर ओळीने मांडून ठेवलं.

आणखी एक नवं खूळ. दुपारी वाचनालयातून परतताना त्या आमच्या स्टॉपवर उतरतात आणि तिथल्या बाकावर बसून राहतात. घर समोर दिसतंय, पण या बसलेल्या. बस येतात, जातात, चालक आता त्यांना ओळखीचा हात करतात. विचारलं तर म्हणतात, "लोकांची गंमत बघते." क्लिनिकमधून येताना मी स्टॉपवर जाते, हात धरून त्यांना उठवते आणि आम्ही दोघी घरी येतो. रोजचं झालंय.

वजन मागच्या वर्षीपेक्षा सहा किलो कमी. आता द्या मला फाशी.

तुमची भावजय


२४ फेब्रुवारी

वहिनीबाई,

घर समोर असताना एखादी बाई दुपारभर बसस्टॉपवर का बसते, हे कळायला फार हुशारी लागत नाही. तिला घरी यावंसं वाटत नाही. का वाटत नाही, ते तुमचं तुम्ही बघा. तुमचा आवाज स्टॉपपर्यंत ऐकू जात असेल.

राहिला तुमचा जाणता माणूस. तळमजल्यावरच्या बाई असोत नाहीतर आणखी कुणी, त्यांना माझ्यासमोर आणून उभं करा, मला त्यांचं तोंड बघायचंय. अर्धवट कुठूनतरी उचलायचं आणि म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात मारायचं! हा माझा विषय आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगते. तुम्ही नाक मुरडाल, पण वाचा.

खाणं थोडं कमी पडलं की पेशीला ताण येतो. बेताचा ताण असेल तर ती घर आवरायला काढते. वेडीवाकडी झालेली प्रथिनं सरळ करते, जी सुधारणार नाहीत ती मोडून त्यांच्यातून नवी घडवते. आतड्याला हे मानवतं. आतड्याचं अस्तर मुळात चार-पाच दिवसांत झडतं आणि नवं येतं, तिथे मोडतोडीचं कुणाला सुतक नसतं. आमच्या म्हाताऱ्या उंदरांची आतडी तर भिंगाखाली तरण्या उंदरांसारखी दिसायला लागली होती.

पण स्नायूचं तसं नाही. स्नायूचा धागा वर्षानुवर्षं तोच राहतो. आणि शरीराला सतत कमी पडायला लागलं की ते प्रथिनांसाठी पहिला हात स्नायूवर मारतं. तरुण स्नायू भरून काढतो. म्हाताऱ्याला ते जमत नाही, त्याची ताण सोसायची ताकदच मंदावलेली असते. तिथे घर आवरता आवरता खांबच जळणाला जातात. आम्ही उंदरांना जाळीला उलटं लटकवून त्यांची पकड बघतो. सुंदर आतड्यांचे तेच म्हातारे उंदीर सगळ्यात आधी टपाटप खालच्या कापसावर पडले.

आणि "काळोखातच खायचं" हा काय प्रकार आहे? उंदीर रात्री हिंडतो, म्हणून त्याचं जेवण काळोखात. त्याचा तो दिवस असतो. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. माणसाला असं खायला सांगणारा एक तर मूर्ख असला पाहिजे नाहीतर बदमाश. आणि ते ऐकून गप्प बसणारी सून काय म्हणायची, ते मी लिहीत नाही.

आईला दिवसाउजेडी खायला घाला. अंडी, दूध, मासे, काय पचेल ते. एवढं साधं काम आहे.

तुमची नणंद


५ मार्च

वन्सं,

तुमचा मूर्ख किंवा बदमाश सापडला. तळमजल्यावरच्या बाईंची मी मनातल्या मनात माफी मागितली.

रविवारी रेडिओवर एक मुलाखत पुन्हा लागली. आईंना ती लागणार हे आधीपासून माहीत होतं. त्यांनी सकाळपासून रेडिओचं बटण कुणाला धरू दिलं नाही. वेळ झाल्यावर स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि खुर्ची रेडिओला जवळजवळ चिकटवून बसल्या. मी दाराबाहेर चहाचा कप घेऊन उभी होते. आतून तुमचा आवाज आला. फार गोड लागत होता, मला तर आधी ओळखूच आला नाही.

तुम्ही सांगत होतात: म्हाताऱ्या उंदरांना फक्त काळोखात खायला दिलं, एक तृतीयांश कमी दिलं, आणि त्यांची आतडी पुन्हा तरुण झाली. मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "अरे वा, म्हणजे आपल्या आजीआजोबांसाठी आनंदाची बातमी!" तुम्ही हसलात. नुसत्याच हसलात. उंदीर रात्री हिंडतो ते शेंबड्या पोराला ठाऊक असेल, पण तुमच्या सात मिनिटांत ते आलं नाही. जाळी आली नाही. टपाटप पडलेले उंदीर तर नाहीच नाही.

मुलाखत संपली. आईंनी रेडिओ बंद केला आणि उठायला गेल्या. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली, पुढे झुकल्या, पण उठवेना. पुन्हा धरली. पुन्हा नाही. मग तशाच मागे टेकून बसल्या. दारात मला बघितलं तेव्हा म्हणाल्या, "काही नाही गं, गंमत ऐकत होते."

वन्सं, त्या स्टॉपवर गंमत बघत नव्हत्या. त्यांना बाकावरून उठता येत नव्हतं. बाक बुटका आहे. मी रोज येऊन हात धरीपर्यंत त्या तिथे बसून राहायच्या आणि बसचालकांना हात करायच्या, म्हणजे कुणाला शंका येऊ नये.

आणि मी! परक्यांच्या आज्यांना छातीवर हाताची घडी घालायला लावते, खुर्चीवरून उठा म्हणते, उठता आलं नाही तर मुलांना बोलावून ताशेरे झाडते. माझ्या घरची बाई रोज माझ्या हाताला लोंबकळून उठत होती आणि मला वाटलं, माया आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला जे म्हणायचं ते तुम्ही म्हणा, मी आधीच म्हणून घेतलंय.

पण तुमचंही ऐका. तुमचा उंदीर जाळीवरून पडला तर खाली कापूस असतो. आईंच्या खाली फरशी आहे. त्या पडल्या तर तुमची तरुण आतडी काय कामाची? मूर्ख की बदमाश, ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझं त्या ऐकणार नाहीत. तुम्ही सांगा.

तुमची भावजय


१० मार्च

वहिनी,

तुमचं पत्र मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून वाचलं. वाचून पहिल्यांदा तुमचाच राग आला. सवय आहे.

मुलाखतीआधी त्या बाई म्हणाल्या होत्या, "एकच गोष्ट सांगा, आणि आनंदाची सांगा." पायांची गोष्ट आनंदाची नव्हती, म्हणून मी ती ठेवून दिली. मला वाटलं, उंदरांबद्दल कोण एवढं मनावर घेतं.

सोबत आईसाठी वेगळं पत्र आहे. त्यात सगळं सोपं करून लिहिलंय. ते तिला द्या, वाचून दाखवू नका. तुमच्या आवाजात ते पटायचं नाही.

नणंद


१९ मार्च

वन्सं,

दिलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. मग घडी घालून माझ्या हातात परत ठेवलं आणि म्हणाल्या, "अक्षर बरं जमलंय तुला तिच्यासारखं."

मीच लिहिलं असं त्यांचं म्हणणं आहे. बटाट्यात अंडं लपवणारी बाई पत्रात काय लपवणार नाही? मी फोन लावून दिला, तुम्ही उचललात, बोललात, मी समोरच होते. ठेवल्यावर तुमच्या बंधूंना म्हणाल्या, "हिनं रडून तिला गळ घातली. लेक भिडेला बळी पडली. खरं काय ते ती रेडिओवर बोलली होती. तिथे चार लोक ऐकतात, तिथे कुणी खोटं बोलत नाही."

ही तुमच्या आईची शास्त्रावरची श्रद्धा. घ्या आता. कालपासून तर त्यांनी वाचनालयही बंद केलंय. पुस्तकं डोळ्यांना त्रास देतात म्हणे.

मी थकले. पुढचं तुमच्याकडे.

भावजय


११ एप्रिल

वहिनी,

मधले दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही हातात नव्हतं.

मी रेडिओवाल्या बाईंकडे पुन्हा गेले. म्हटलं, मला परत सात मिनिटं द्या. त्या म्हणाल्या, नवीन काय आहे? मी म्हटलं, नवीन काही नाही, जुनंच अर्धं राहिलंय. त्यांना ते फारसं रुचलं नाही. शेवटी सकाळच्या भाज्यांच्या भावांनंतरची जागा मिळाली, आणि वेळही चारच मिनिटं.

विभागप्रमुखांच्या कानावर गेलं. मला बोलावून म्हणाले, "स्वतःच्याच कामावर माती ढकलायची ही कसली हौस?" आमच्या कामाच्या जोरावर एक कंपनी जेवणाऐवजी घ्यायची उपवासाची पावडर बाजारात आणतेय. तिचे पैसे पुढच्या प्रकल्पाला येणार होते. प्रकल्प आता दुसऱ्या बाईंकडे गेलाय. त्या रेडिओवर हसतात छान. पाठ थोपटणारा हात पाठीत कसा बसतो, ते कळलं. इतकी वर्षं मी ह्या माणसाला शास्त्रज्ञ समजत होते, माझी अक्कल बघा.

गुरुवारी सकाळी आहे. रेडिओचं बटण आईच्या हातात द्या आणि तुम्ही दाराबाहेर राहा.

तुमची नणंद


२० एप्रिल

चिरंजीव कन्येस,

हे मी सांगते आहे आणि तुझी वहिनी लिहिते आहे, कारण माझं अक्षर आता मलाच लागत नाही. ती मध्ये मध्ये स्वतःचं घुसडेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. (देणारच.)

गुरुवारी ऐकलं. भाज्यांचे भावही ऐकले, कांदा फार महाग आहे तुमच्याकडे. तू म्हणालीस, "मागच्या वेळी मी अर्धंच सांगितलं." लहानपणीही तू अर्धंच सांगायचीस. दुधाचा पेला रिकामा झाला एवढं सांगायचीस, कुंडीत ओतला हे नाही. ती कुंडी काय फोफावली होती! म्हणून मला यात नवल वाटलं नाही. नवल एवढंच की चार लोकांसमोर कबूल केलंस.

"माणसाने हा प्रयोग स्वतःवर करू नये, विशेषतः ज्यांचे पाय आधीच थकलेत त्यांनी," असं तू सांगत होतीस. त्या बाईंनी मध्येच गाणं लावलं. असभ्य बाई.

आता तुम्हा दोघींना वाटत असेल, म्हातारी अडाणी, उंदीर रात्री हिंडतो हे तिला कळलं नाही. जन्मभर घरात उंदीर पकडले, मला नाही कळणार? कळत होतं. पण गेली तीन वर्षं तू फोनवर "बरी आहेस ना" म्हणतेस आणि मी बरी आहे म्हणायच्या आत तुला कुणीतरी हाक मारतं. आणि त्या दिवशी सात मिनिटं, मध्ये कुणी हाक न मारता, म्हातारपणी खायचं कसं ते तू सांगत होतीस. मला वाटलं, मलाच सांगतेयस. मग तू सांगितलंस ते मी केलं. आईनं लेकीचं ऐकू नये असं कुठे आहे?

(इथे त्यांनी पाणी मागितलं. मी दोन पेले आणले.)

आता सकाळी अंडं खाते, दुपारी मासा. तुझ्या भावाच्या ताटात काही जात नाही, तो हिरमुसलाय. तुझी वहिनी मला सर्कशीतल्या अस्वलासारखी खुर्चीवरून उठवते आणि बसवते, वर "शाबास" म्हणते. माझ्याहून निम्म्या वयाची बाई मला शाबास म्हणते. (म्हणणारच. काल हात न लावता एकदा उठल्या. एकदाच. पण उठल्या.)

पुढच्या आठवड्यात येतेयस असं हिच्याकडून कळलं. मला आधी का सांगितलं नाहीस ते विचारत नाही. बॅग उघडायची तयारी ठेवून ये. आणि एक सांगते, ते पूर्ण ऐक, अर्धं नको. बेल एकदाच वाजव. लगेच दुसऱ्यांदा वाजवू नकोस, खिडकीतून हाका मारू नकोस, माझ्या जिवाला घोर लावू नकोस. मला उठायला वेळ लागतो. पण दार मी उघडणार. हिला बजावून ठेवलंय, मध्ये पडायचं नाही.

आई

(मी मध्ये पडणार नाही. खुर्चीपासून दारापर्यंत जाड गालिचा घातलाय, कडा फरशीला चिकटवून. त्यांना सांगितलंय, नव्या रंगाला शोभतो म्हणून.)